संगणकांवरचा कर आणि शाळांचा खर्च

संपादक महोदय,


परदेशातील स्थानिक कारभारावरच्या आपल्या मागील अंकातील लेखात आमच्या लाउडन काउंटीचे ‘घरपट्टीचा दर सतत कमी करून दाखवणारी काउंटी’ म्हणून कौतुक झाले आहे. आकडे खरे आहेत, कौतुक मात्र पटले नाही. इथे घर घेऊन मुलांना इथल्याच सरकारी शाळेत घातलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ते पटू नये, असे मला वाटते.

व्हर्जिनियातल्या या काउंटीत 2020 साली घराच्या दर 100 डॉलर किमतीमागे 1.035 डॉलर कर होता. 2025 मध्ये तो 80.5 सेंटवर आला. घरांची सरकारदरबारची किंमत मधल्या काळात वाढत गेल्याने दर घसरला तेवढे बिल घसरले नाही, हे ज्यांनी बिल भरले त्यांना ठाऊक आहेच. तरीही दर उतरवणे शक्य झाले ते डेटा सेंटरांमुळे. ॲशबर्न आणि स्टर्लिंगच्या पट्ट्यात त्यांच्या दोनशेच्या आसपास अवाढव्य, बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या आतल्या संगणकांवर काउंटी 100 डॉलरमागे 4.15 डॉलर कर घेते. मालमत्ता करांच्या उत्पन्नापैकी जवळपास निम्मा पैसा आता या एका उद्योगाकडून येतो. संगणकांना शाळेत जायचे नसते, बागेत खेळायचे नसते, ग्रंथालयाचे कार्डही नको असते. असा करदाता काउंटीच्या कारभारी मंडळातल्या कोणत्या सुपरवायझरला आवडणार नाही?

पण संगणक जुना होतो आणि त्याची करपात्र किंमत वर्षागणिक उतरते. कंपन्यांनी नवी यंत्रे बसवणे सहा महिने लांबवले तरी काउंटीचा अंदाज चुकतो. 2021 च्या सुमारास तसा तो चुकलाही, आणि तूट कोट्यवधी डॉलरची होती. शिवाय वीज अपुरी, जागा संपत आलेली. मार्च 2025 मध्ये सुपरवायझर मंडळाने डेटा सेंटरना आपोआप मिळणारी बांधकाम परवानगी बंद केली. आता प्रत्येक प्रस्ताव मंडळापुढे येतो. निर्णय योग्यच होता. पण यापुढे हे उत्पन्न पूर्वीच्या वेगाने वाढणार नाही, हे त्यातूनच स्पष्ट होते. अशा पैशावर दरमहा द्यायचे पगार बेतणे म्हणजे दिवाळीच्या बोनसवर घराचा हप्ता ठरवणे.

शाळांचा खर्च मात्र दरमहाचाच आहे. 1990 मध्ये काउंटीची लोकसंख्या 86 हजार होती, 2020 मध्ये ती 4 लाख 20 हजारांवर गेली. आमचे स्कूल बोर्ड लोकांनी निवडून दिलेले असते, पण व्हर्जिनियात त्याला कर लावण्याचा अधिकार नाही. ते मागणी करते आणि सुपरवायझर मंडळ त्यातले जमेल तेवढे देते. राज्याचा वाटा ज्या सूत्राने ठरतो त्यात काउंटीतल्या जमीनजुमल्याची किंमत आणि रहिवाशांचे उत्पन्न मोजतात. आम्ही श्रीमंत ठरतो, म्हणून राज्य हात आखडता घेते. डेटा सेंटरांच्या इमारतींनी ही कागदावरची श्रीमंती आणखी फुगते.

नवी शाळा, अग्निशमन केंद्र किंवा उद्यान बांधायला काउंटी कर्जरोखे काढते आणि त्यासाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर मतदारांची संमती घेते. त्या मतपत्रिकेवर नव्या शाळेतल्या शिक्षकांचा, बसचालकांचा, वातानुकूलनाचा, मैदानावरचे गवत कापण्याचा आणि दिव्यांचा खर्च कोण देणार हा प्रश्न नसतो. इमारत एकदा बांधून होते, हे खर्च मात्र दरवर्षी येतात.

म्हणून माझे म्हणणे असे की डेटा सेंटरांचा वाढीव पैसा एकदाच कराव्या लागणाऱ्या कामांवर घालावा: रोख देऊन शाळा बांधाव्यात, म्हणजे कर्जरोख्यांचे व्याज वाचेल, जुन्या शाळांची छपरे बदलावीत, आणि सर्वांत आधी जमीन घ्यावी. ज्या उद्योगाने तिजोरी भरली त्यानेच पूर्व लाउडनमध्ये एकराचा भाव दशलक्ष डॉलरच्या पुढे नेला आहे. आज न घेतलेली जागा दहा वर्षांनी शाळेला किंवा बागेला मिळणार नाही. हॅन्सन रीजनल पार्कसाठी सुमारे 250 एकर जागा मिळाली, म्हणून तिथे आपली मुले क्रिकेट खेळू शकतात (आणि मुलांपेक्षा त्यांचे वडील जास्त खेळतात). आजच्या भावाने तेवढी जागा घ्या, असा ठराव मांडायला कोणी धजावेल असे वाटत नाही.

पगार आणि रोजचा खर्च मात्र घरपट्टीतून भागावा आणि त्यासाठी तिचा दर आणखी उतरवू नये. 2025 मध्ये दर 86.5 सेंटवरून 80.5 वर आणला. साडेसात लाख डॉलरच्या घराला त्याने वर्षाला 450 डॉलर वाचले, म्हणजे महिन्याला चाळीस डॉलरसुद्धा नाहीत. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांना तेवढेही मोलाचे असतात, हे कबूल. पण त्यांच्यासाठी वेगळी करसवलत आहे, ती वाढवावी. दोन पगारांच्या घराला ही भेट कशाला? राखीव गंगाजळी आहे, असे उत्तर मिळते. ती एखादे वाईट वर्ष निभावून नेईल, पण उत्पन्न कायमचे आटले तर दर एकदम चढवावा लागेल आणि तेव्हा आज खूश असलेलेच ओरडतील. एका मोठ्या करावर विसंबणे काय असते हे मुंबईकरांना सांगायला नको. महापालिकेचा सर्वांत मोठा आधार असलेली जकात 2017 मध्ये गेली आणि पालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली.

आपल्यातले अनेकजण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. त्यांना मत नाही, म्हणून ते या विषयापासून लांब राहतात. पण कर ते पूर्ण भरतात, आणि अंदाजपत्रकावरच्या जाहीर सुनावणीत बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. काउंटीचे प्रशासक फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात, लगोलग सुनावण्या होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला दर ठरतो. सुनावणीच्या जाहिरातीत छापलेल्या दरापेक्षा जास्त दर मंडळाला मग लावता येत नाही, त्यामुळे जे सांगायचे ते दर छापून येण्याआधी सांगायला हवे. शाळेत वर्ग खचाखच भरले, बस उशिरा आली, मैदान मिळाले नाही, या तक्रारी आपण व्हॉट्सॲपवर वर्षभर करतो. येत्या फेब्रुवारीत त्या सुपरवायझरांसमोर उभे राहून कराव्यात, आणि दर कमी करू नका हेही तिथेच सांगावे, अशी माझी इथल्या मराठी कुटुंबांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
ॲशबर्न, व्हर्जिनिया