चढणीचा हिशेब, उतरणीचा विसर

माथेरानला कोणतीही वस्तू फुकट पोहोचत नाही. दस्तुरी नाक्यापाशी मोटारीचे राज्य संपते. तेथून बाजारपेठेपर्यंतच्या सुमारे अडीच किलोमीटरांच्या वाटेवर वाळू, सिमेंट, पत्रे, पाइप हे सारे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर, माणसाच्या डोक्यावर, नाही तर छोट्या आगगाडीतून न्यावे लागते. बांधकामाच्या मालाच्या किमतीत वजनाला येथे जेवढे महत्त्व आहे, तेवढे क्वचितच अन्यत्र असेल. पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या बांधकामातील वापराचा विचार माथेरानच्या निमित्ताने करावयाचा, तो याच कारणासाठी. इतरत्र झाकून राहणारा जमाखर्च येथे उघडा पडतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. चार इंची, सहा मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप साधारणतः दहा-बारा किलोंचा असतो. तेवढ्याच ओतीव लोखंडी पाइपाचे वजन शंभर किलोंच्या आसपास जाते. एक पाइप एकटा हमाल खांद्यावर नेतो, दुसऱ्याला चार माणसे लागतात. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर लोखंड गंजते आणि लाकूड कुजते. पीव्हीसीला गंज चढत नाही की वाळवी लागत नाही. जमिनीत नीट पुरलेला पाइप पन्नास वर्षे टिकावा, अशी अपेक्षा बाळगता येते. शार्लोट तलावाच्या आधाराने राहणाऱ्या गावाला पाण्याची गळती थांबणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. शिवाय दाराच्या प्रत्येक पीव्हीसी फळीमागे थोडे लाकूड वाचते. देशात खपणाऱ्या पीव्हीसीपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक माल पाइपांसाठीच वापरला जातो, हे उगाच नव्हे. तेव्हा सरसकट बंदीची मागणी करणाऱ्यांनी, लोखंडी पाइप वर वाहून नेणाऱ्या हमालाच्या खांद्याचाही विचार केलेला बरा.

परंतु खर्चाची बाजूही तितकीच खरी आहे. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो व तो मिठापासून मिळतो. उरलेला भाग बहुतांशी खनिज तेलातून किंवा वायूतून येतो. आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक पीव्हीसी आजही आयात होते. ते ज्या व्हिनाइल क्लोराइड वायूपासून बनते, त्याच्या संपर्कामुळे कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग होतो, ही गोष्ट १९७४ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे उजेडात आली. पीव्हीसी टिकाऊ व्हावे म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ चालू होती. पाइपांतील या वापरावर केंद्र सरकारने २०२१ साली नियम करून निर्बंध घातले. म्हणजे त्यापूर्वी घातलेल्या अनेक पाइपांत शिसे असण्याचा संभव आहे. उन्हात उघडे राहिलेले पीव्हीसी कालांतराने ठिसूळ होते. आणि ते उघड्यावर जाळले तर धुरातून हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू आणि डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात.

मग निर्णय कसा करावयाचा? माझ्या मते पीव्हीसी चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कोठे वापरले, किती वर्षे टिकणार आणि शेवटी त्याला खाली कोण नेणार, हे खरे प्रश्न आहेत. जमिनीखालचा पाइप आणि तारेवरचे आवरण दोन पिढ्या काम देतात. उलट पर्यटकांचा हंगाम तोंडावर आला की खोल्यांना नवे रूप देण्यासाठी लावलेले फॉल्स सीलिंग, भिंतींवरच्या नकली लाकडाच्या पट्ट्या आणि जाहिरातींचे फ्लेक्स यांचे आयुष्य पाच-दहा वर्षांचे, कधी तर काही आठवड्यांचेच असते. माल एकच, पण पहिला उपयोग भांडवलाचा आहे, दुसरा हौसेचा.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही. माल वर चढविण्याची मजुरी मालक रोख मोजतो. निरुपयोगी झालेला माल खाली उतरविण्याची मजुरी मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. मग स्वस्तातले दोनच मार्ग उरतात : दरी किंवा काडेपेटी. पहिल्याची किंमत जंगल आणि ओढे देतात, दुसऱ्याची शेजाऱ्यांची फुप्फुसे. २००३ साली माथेरान व परिसराचा दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठा प्रदेश केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला; पण अधिसूचनेमुळे कचरा आपोआप डोंगर उतरत नाही.

उपाय मात्र अवघड नाही. दस्तुरीहून माल घेऊन चढलेला घोडा आणि हातगाडी परतताना बहुधा रिकामीच असते. चढणीच्या मानाने उतरणीची मजुरी थोडी. फक्त ती देणारा कोणी हवा. यासाठी नगरपरिषदेने अल्पायुषी पीव्हीसी सामानावर वजनानुसार अनामत रक्कम घ्यावी आणि तेवढेच जुने सामान खाली आणून देणाऱ्याला, मग तो मालक असो की हमाल, ती परत करावी. पुरलेल्या पाइपांना अनामत नको, म्हणजे सामान्य रहिवाशाच्या घरच्या पाण्यावर भार पडणार नाही. पाणीपुरवठ्याच्या सरकारी कामांत मात्र, नवे पाइप जितके मोजून चढतील, तितकेच काढलेले पाइप व तुकडे मोजून उतरले पाहिजेत, अशी अट कंत्राटातच असावी. शिशाचा संशय असलेले जुने पाइप वेगळे ठेवावेत. त्यांचा माल पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत पुन्हा मिसळता कामा नये.

खाली आणलेल्या या मालाचे पुढे काय, अशी शंका कोणी घेईल. कठीण पीव्हीसी वितळवून पुन्हा वापरता येते. परंतु ते निवडलेले असले पाहिजे. पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकात ते थोडे जरी मिसळले, तरी त्या मालाची प्रत बिघडते. तेव्हा वेगळे काढण्याचे काम डोंगरावरच, तेही पाडकाम चालू असतानाच झाले पाहिजे. त्याने चार हातांना काम मिळेल, हा लाभ वेगळाच.

मोटारीची सोय नाकारून, महागडी वाहतूक सोसून माथेरानने आपली झाडे आणि तांबडी माती राखली आहे. सोयीची किंमत मोजून पाहण्याची सवय या गावाला आहे. हलक्या मालाच्या बाबतीत ती सोडण्याचे कारण नाही. वर नेताना जे हलके वाटते, त्याचे ओझे खाली नेईपर्यंत संपत नाही. चढणीची मजुरी देणाऱ्याने उतरणीची मजुरीही त्याच वेळी बाजूला काढून ठेवावी.