अपवादाचे उत्तरदायित्व

प्रोग्राम चालू असताना चूक घडली तर ती कोणी निस्तरायची, हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच जुना आहे, आणि नवे साधन हाती येताच तो सुटला असे मानण्याची चूकही तितकीच जुनी. १९६० च्या दशकात ‘पीएल/वन’ या प्रोग्रामिंग भाषेने अपवादात्मक प्रसंगांसाठी स्वतंत्र तरतूद केली, पुढच्या दशकातील ‘सी’ने तो भार फंक्शनच्या परतमूल्यावर टाकला आणि ते मूल्य न तपासताच पुढे जाण्याची सवय प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडली. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी अपवाद-हाताळणीची शिस्तबद्ध मांडणी केली, बार्बरा लिस्कोव्ह यांच्या ‘सीएलयू’ भाषेत तिला नेटके रूप मिळाले. टोनी होअर यांनी मात्र १९८० च्या ट्युरिंग व्याख्यानात ‘एडा’ भाषेतील याच सोयीला धोकादायक ठरवले.

पुढे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरूहून झेपावलेले एरियान-५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एडात लिहिलेला दिशादर्शनाचा प्रोग्राम एरियान-४ वरून उचललेला होता. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, अपवाद उद्भवला, त्याला तिथे वाली नव्हता, म्हणून ठरल्याप्रमाणे संगणकच बंद झाला, आणि राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच थांबलेला होता. जोखमीच्या ७ चलांपैकी ४ चलांनाच संरक्षण होते. कहर म्हणजे, ज्या गणनेत हे घडले तिची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

त्याच वर्षी आलेल्या जावाने, सी++ च्या मागोमाग, अपवादाला ऑब्जेक्टचे रूप दिले: चुकीचा प्रकार, संदेश आणि ती कोणकोणत्या फंक्शनांतून वर आली याचा माग, सारे एकत्र. काही अपवाद पकडा किंवा जाहीर करा, अशी सक्ती कंपायलरने केली. पण कायदा कडक झाला की पळवाटाही निघतात, तसे कंपायलरला गप्प करण्यापुरते रिकामे कॅच ब्लॉक लिहिले जाऊ लागले आणि न तपासलेले परतमूल्य नव्या वेषात परतले. सी-शार्पने ती सक्ती नाकारली. गो आणि रस्ट या भाषा तर पुन्हा परतमूल्याकडेच वळल्या.

सहा दशकांचे हे आवर्तन सांगते की यंत्रणा चुकीची वर्दी देते, उत्तरदायित्व देत नाही. ‘थ्रो’ लिहिणाऱ्याने तो अपवाद कोणत्या थरात पकडला जाईल आणि तिथे सावरण्याइतकी माहिती असेल का, हे लिहितानाच ठरवले पाहिजे. जे ठरवणार नाहीत, त्यांना एरियान-५ चा १९९६ चा चौकशी अहवाल आपल्या नावाने पुन्हा वाचावा लागेल.