डीजेचा प्लेअर घ्यायचा, पण कोणता आणि कितीचा?



मंडपवाल्याच्या किंवा साउंडवाल्याच्या हाताखाली दोन-तीन हंगाम राबलेला मुलगा घरात असला, की एक दिवस तो म्हणतोच, "आई, मला डीजेचा प्लेअर घेऊन दे. मी स्वतःच्या सुपाऱ्या घेतो." त्याची मागणी खोटी नसते. हाताला सवय झालेली असते, वस्तीत चार लोक ओळखू लागलेले असतात. इकडे आईला बचत गटातून कर्ज निघू शकते, वडिलांचा थोडा फंड असतो, बहिणीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेले काही असते. आणि मग बापलेक दुकानात जातात, दिव्यांनी लखलखणारी यंत्रे पाहतात, आणि जे घ्यायला गेलो ते राहून भलतेच घरी येते. म्हणून आज या सदरात पुरता हिशोब मांडू. मुलाला नाही म्हणू नये, पण डोळे झाकून हो देखील म्हणू नये.

आधी हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. डीजे म्हणजे एक गाणे संपता संपता दुसरे त्याच ठेक्यात मिसळणे. त्यासाठी गाण्याचा वेग कमी-जास्त करता आला पाहिजे, हवी ती जागा चटकन पकडता आली पाहिजे. पायोनियर कंपनीने १९९४ मध्ये सीडीजे-५०० हा डीजेंसाठीचा सीडी प्लेअर काढला. २००१ च्या सीडीजे-१००० मध्ये वरची चकती, म्हणजे जॉग व्हील, तबकडीसारखी हाताने फिरवता येऊ लागली. २००९ च्या सीडीजे-२००० पासून पेन ड्राइव्हचा जमाना पक्का झाला, आणि २०२० मध्ये आलेल्या सीडीजे-३००० ला तर सीडीची फट देखील उरली नाही. आज प्लेअर म्हटले की पेन ड्राइव्ह लावायचे आणि गाणे वाजवायचे यंत्र.

आता पैशांचा पहिला धक्का. सीडीजे-३००० अमेरिकेत आला तेव्हा एका नगाची किंमत २,२९९ डॉलर होती. म्हणजे त्या वेळच्या दराने दीड लाखाच्या वर, आणि आयातीचा कर वेगळा. शिवाय एका प्लेअरने भागत नाही. एक गाणे वाजत असताना दुसरे तयार ठेवायला दोन प्लेअर लागतात, आणि दोघांच्या मध्ये मिक्सर. दुकानदार एका प्लेअरचा भाव सांगतो, घरचे तोच भाव धरून बसतात, आणि निम्म्यात आल्यावर कळते की अजून तेवढेच पैसे पाहिजेत. तेव्हा भाव विचारताना नेहमी "दोन प्लेअर, मिक्सर आणि वायरी मिळून किती?" असेच विचारावे. हे मोठे यंत्र मोठ्या क्लबांसाठी आहे. हळदीला, वरातीला, जयंतीला त्याच्यावाचून अडत नाही.

मग साधारण घराला परवडेल असे काय? तीन वाटा आहेत.

पहिली वाट कंट्रोलरची. हे यंत्र स्वतः गाणे वाजवत नाही. गाणे लॅपटॉपमध्ये असते, आणि कंट्रोलर म्हणजे त्याला जोडलेली बटणे, पट्ट्या आणि चकत्या. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ हा त्यातला नावाजलेला. तो बाहेर आला तेव्हा २९९ डॉलरला होता, म्हणजे सुमारे चोवीस-पंचवीस हजार रुपये. तो मोबाइललाही जोडता येतो. घरात बरा लॅपटॉप असेल तर शिकण्यासाठी याहून स्वस्त मार्ग नाही. पण लॅपटॉप नसेल तर त्याचे पैसे यात मिळवावे लागतात. आणि उन्हात, धुळीत, हादरणाऱ्या ट्रकवर लॅपटॉप ऐन वेळी बंद पडला तर नवरदेवाचे मित्र ऐकून घेत नाहीत.

दुसरी वाट वापरलेल्या प्लेअरची. २०१० च्या सीडीजे-३५० वर सीडी आणि पेन ड्राइव्ह दोन्ही चालतात. पडदा लहान आहे, पण काम भागते. २०१५ चा एक्सडीजे-७०० निव्वळ पेन ड्राइव्हचा. त्याचा पडदा सात इंची आणि बोटाने चालणारा आहे, आणि दोन यंत्रे वायरीने जोडली की एकच पेन दोघांना पुरतो. डेनॉनचा एससी५००० हा २०१७ चा प्लेअर आणखी वेगळा: एकाच यंत्रावर दोन गाणी स्वतंत्र वाजतात आणि मिक्सरला वेगवेगळी जातात. म्हणजे एक प्लेअर आणि एक मिक्सर एवढ्यावर सुरुवात करता येते, दुसरा प्लेअर पुढच्या हंगामात.

तिसरी वाट सगळे एकात असलेल्या यंत्राची. दोन प्लेअर आणि मिक्सर एकाच पेटीत, लॅपटॉप नको. न्यूमार्कचे मिक्सस्ट्रीम प्रो आणि डेनॉनचे प्राइम गो ही यातली छोटी यंत्रे. प्राइम गो बॅटरीवरही सुमारे चार तास चालते, म्हणजे मध्येच जनरेटर गेला तरी यंत्र बंद पडत नाही. ज्या घरात संगणक नाही त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पायोनियरच्या प्लेअरसाठी गाण्यांची नीट तयारी संगणकावर रेकॉर्डबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये करावी लागते. डेनॉन आणि न्यूमार्कची ही यंत्रे गाण्याचा वेग, ठेका स्वतःच तपासून घेतात. दुसऱ्याच्या संगणकासाठी आर्जवे करत बसावे लागत नाही.

आमचे मत विचाराल तर असे. शिकत असणाऱ्याने कंट्रोलर घ्यावा. सुपाऱ्या खरोखर मिळू लागल्या असतील तर वापरलेली प्लेअरची जोडी किंवा एकात सगळे असलेले यंत्र घ्यावे. ज्या साउंडवाल्याकडे मुलगा काम करतो त्याच्याकडे कोणत्या कंपनीचे यंत्र आहे तेही पाहावे. हाताला ओळखीचे असलेले यंत्र घेतले तर शिकण्याचा वेळ वाचतो आणि अडीनडीला उसने मिळते.

आता यंत्रात काय पाहावे? दुकानदार आधी सिंक बटण दाखवतो. ते दाबले की दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळतो. आजच्या संगणकावर बनलेल्या गाण्यांत ते चालते, कारण त्यांचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो. पण आपली जुनी भीमगीते, प्रल्हाद शिंदे यांच्या काळातली कॅसेटची गाणी, ढोलकी-तबल्यावर माणसांनी वाजवलेली आहेत. कडव्यात ती जरा पुढे सरकतात, ध्रुवपदाला थबकतात. तिथे सिंक घसरते. कान आणि हात यांनीच ते जुळवावे लागते. म्हणून चकती मोठी, मोकळी फिरणारी आणि वेगाची पट्टी लांब असलेले यंत्र घ्यावे. वेग सहा टक्के खाली-वर जाईल एवढी सोय असली तर मिनिटाला शंभर ठोक्यांचे गाणे ९४ ते १०६ पर्यंत नेता येते. रोजच्या कामाला एवढे बहुतेक वेळा पुरते. मास्टर टेम्पो हे बटण असावेच. त्याने वेग बदलला तरी गायकाचा आवाज चिरका किंवा जाडा होत नाही. शाहिराचा आवाज बिघडवून वाजवण्यात कसले आले कौशल्य?

पेन ड्राइव्हचेही ऐकून घ्या. पेन फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट करावा, ते बहुतेक प्लेअर वाचतात. संगणकाची नेहमीची एनटीएफएस पद्धत पायोनियरचे प्लेअर वाचत नाहीत, आणि कार्यक्रमात पेन उघडत नाही म्हणून बोंब होते ती यामुळेच. बत्तीस जीबीचा चांगल्या कंपनीचा पेन पुष्कळ. पाच मिनिटांचे ३२० केबीपीएसचे एमपी३ गाणे सुमारे १२ एमबीचे होते, म्हणजे अडीच हजार गाणी मावतात. तीच गाणी भरलेला दुसरा पेन खिशात ठेवावा. मोबाइलवरून ओढून घेतलेले हलक्या प्रतीचे गाणे मोबाइलवर गोड लागते, मोठ्या स्पीकरवर ते फाटते. लोक मग यंत्राला दोष देतात.

वापरलेला माल घेताना घाई नको. रात्री, दिव्याखाली, रस्त्यात घेऊ नये. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी तासभर यंत्र चालवून पाहावे. प्ले आणि क्यू ही बटणे सर्वांत जास्त झिजतात, ती वीस-वीस वेळा दाबावीत. एकदा जरी चुकली तर ती बदलण्याचा खर्च भावातून कापून घ्यावा. वेगाची पट्टी मध्यावर आणली की पडद्यावर शून्य आले पाहिजे, आणि हळू सरकवताना आकडे उड्या मारता कामा नयेत. चकती दोन्ही बाजूंना सारखी फिरते का ते बघा. पेन लावून तो जरा हलवा, गाणे तुटले तर जागा ढिली आहे. पडदा चारही कोपऱ्यांत बोटाला ओळखतो का तपासा. डाव्या-उजव्या दोन्ही वायरींतून आवाज येतो का ऐका. सीडीचे यंत्र असेल तर सीडी लावूनही पाहा. आणि मूळ बिल मागा. यंत्राच्या मागचा नंबर बिलाशी जुळला पाहिजे, नंबराची पट्टी खरवडलेली असेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. चोरीचा माल निघाला तर पोलीस ठाण्याच्या चकरा गरिबाच्याच वाट्याला येतात.

आता घरातल्या माऊलीचा हिशोब. समजा सगळे मिळून साठ हजार लागले. एका कार्यक्रमाचे तीन हजार मिळाले, त्यातले हजार मदतनीस, गाडीभाडे आणि खाण्यात गेले. उरलेल्या दोन हजारांतले हजार घरात आणि हजार यंत्राचे धरले, तर साठ कार्यक्रम झाल्यावर यंत्र फिटेल. आपल्या मुलाच्या नावावर गेल्या हंगामात किती कार्यक्रम झाले, ते वहीत लिहून पाहा. दहा झाले असतील तर साठ हजारांचे कर्ज त्याच्या खांद्याला पेलणार नाही. आणि हंगाम बारमाही नसतो. मे सरला की गणपतीपर्यंत तीन महिने हात रिकामे. साडेतीन हजारांचा हप्ता असेल तर साडेदहा हजार आधीच बाजूला असल्याशिवाय कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये. बहिणीच्या शिक्षणाचे किंवा लग्नाचे पैसे यात घालू नयेत. ते पैसे मुलाचे नाहीत, तिचे आहेत.

शेवटी आवाजाचे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकते. परवान्याचा कागद हातात असल्याशिवाय मुलाने बटण दाबू नये. आयोजक निघून जातात, आणि सामान अडकते ते ज्याचे यंत्र आहे त्याचे. कानांचेही तसेच. ८५ डेसिबलमध्ये माणूस आठ तास काम करू शकतो असे धरतात. त्यावर दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पाव तास. स्पीकरच्या भिंतीजवळ रात्र काढणाऱ्या मुलाला कानात घालायचे बोळे घेऊन द्या. दहा-वीस रुपयांची ही वस्तू साठ हजारांच्या यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे, कारण यंत्र दुरुस्त होते, गेलेला कान परत येत नाही. ठेका कानानेच जुळवायचा आहे.

तेव्हा आधी वही उघडा, मग दुकान गाठा. मुलगा, आई आणि वडील तिघे एकत्र बसून हिशोब करा. जमत असेल तर जरूर घ्या, जमत नसेल तर आणखी एक हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर हात बसवू द्या. पुढील अंकी अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी कशी जमवावी ते पाहू.