अल्पाकाची लोकर आणि उतारवयाची पुंजी

आमचे एक व्यापारी स्नेही नुकतेच अमेरिकेहून परतले. मुलगा ओहायो राज्यात नोकरीला आहे. त्याच्या शेजारी एक निवृत्त जोडपे अल्पाका पाळते. मोकळे रान, लांब मानेची गरीब जनावरे, शांत दिनक्रम! तीस वर्षे गादीवर बसून कंटाळलेल्या माणसाला भुरळ पडणारच. म्हणाले, "भाई, दुकान धाकट्याच्या हवाली करतो. तिकडे थोरल्याच्या नावाने दहा एकर घेतो. लोकर म्हणजे आपलाच धंदा की!"

या शेवटच्या वाक्यासाठी हा लेखनप्रपंच.

अल्पाका आपल्याला परका नाही. काळ्या अल्पाकाच्या शेरवान्या आमच्या उर्दू शाळेतल्या वृद्ध उस्तादांच्या अंगावर आम्ही पाहिल्या आहेत. हे कापड मूळ विलायतेचे. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट यांनी १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलला पडून असलेल्या, कोणाला नको असलेल्या अल्पाकाच्या गासड्या उचलल्या. सुती ताणा, अल्पाकाचा बाणा अशी चमकदार वीण बसवली आणि १८५३ मध्ये सॉल्टेअरची प्रचंड गिरणी उभी केली. म्हणजे आधी गिऱ्हाईक पैदा केले.

अमेरिकेत उलटे झाले. १९८४ पासून तिथे अल्पाका येऊ लागले. १९९८ मध्ये बाहेरून येणाऱ्या जनावरांना वंशनोंदणी बंद झाली आणि आतल्यांचे भाव चढले. एकेका मादीला हजारो डॉलर मोजले गेले. लोकर किती? वर्षातून एकदा कातरायची, दोन-तीन किलो. मादी साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू देते. मग कमाई कशाची? पिल्लू पुढच्या हौशी माणसाला विकण्याची! या भावांना लोकरीच्या उत्पन्नाचा आधार नाही, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये लिहिले होते. २००८ च्या मंदीनंतर बाजार बसला. हजारोंना घेतलेली जनावरे पुढे लोकांनी फुकट दिली.

आपल्याकडे ईमूचे काय झाले, आठवा. तामिळनाडूत २०१२ मध्ये हजारो लोकांची पुंजी बुडाली. तिथेही मालाला गिऱ्हाईक नव्हते, फक्त पक्ष्यांना होते.

लोकरीची खरी बाजारपेठ पेरूत, अरेकिपा शहरात आहे. अँडीज पर्वतातल्या गरीब मेंढपाळांकडून माल तिथे येतो, बायका हाताने चाचपून तलम-जाडी वेगळी करतात, रंग वेगळे करतात आणि मोठमोठे लॉट गिरण्यांना जातात. दहा जनावरांच्या मालकाकडे चार रंगांची, पाच प्रतींची थोडी थोडी लोकर. जनावर वयाने वाढले की तिचा तलमपणाही कमी होतो. असा फुटकळ माल कोणती गिरणी घेईल? आपल्या दुकानात कोणी असा लॉट आणला तर आपण काय भाव देऊ?

हौसेला आमचा विरोध नाही. जनावर सालस आहे, गुणगुणल्यासारखा आवाज काढते, शेण एका ठिकाणी टाकते, पायाला मऊ गादी असल्याने कुरणाची नासाडी करत नाही. एकटे मात्र झुरते, कळपच हवा. चारा, डॉक्टर, कातरणी यांचा खर्च शौकाच्या खाती लिहावा आणि चार-पाच पाळावेत. म्हातारपणी पहाटे उठायला काही कारण हवेच. पण दुकानाचे भांडवल काढून त्यात घालायचे असेल, तर आधी लोकरीचा भाव एखाद्या सूतगिरणीकडून लेखी आणावा.

आम्ही स्नेह्यांना विचारले, "तुमच्या शेजाऱ्याची गेल्या सालची लोकर कोणी घेतली?"

म्हणाले, "ती अजून गोठ्याच्या माळ्यावरच आहे, पोत्यांत."