पांढऱ्या डगल्यातले प्रारब्ध

कर्करोग म्हणजे जनुकांत लिहून ठेवलेले प्रारब्ध, असा सिद्धांत परवा नंदुरबारच्या एका व्याख्यानात एका विद्वानांनी टाळ्यांच्या गजरात मांडला, तेव्हा ज्या प्रारब्धवादाशी मी या स्तंभातून भांडत आलो आहे, तोच आता प्रयोगशाळेचा पांढरा डगला चढवून आल्याची खात्री पटली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरते हे विधान दुहेरी खोटे आहे. कारण तेथे मूळ खोडी बाईच्या जनुकांची नसून बहुतेक सर्वत्र पॅपिलोमा विषाणूच्या जनुकांची असते, आणि त्यांतही केवळ लिहिलेल्या मजकुरावर सारे ठरत नाही.

कचेरीत नकलेसाठी ज्याने खेटे घातले आहेत त्याला हे चटकन उमजेल. मूळ हुकूम दफ्तरात सुरक्षित असतो. नक्कल करताना कोणते कलम ठेवायचे व कोणते गाळायचे हे कारकून ठरवतो, आणि कारकुनाचे मन साहेबांच्या निरोपावर चालते. (1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा फुटून निघाला, कारकून मात्र फुटले नाहीत, ते जसेच्या तसे आले, असा माझा जुना संशय आहे.) पेशीतही जनुकाची आधी कच्ची नक्कल निघते आणि तिचे तुकडे कापून, सांधून मगच प्रथिनाचा अंमल सुरू होतो. हायडेलबर्गच्या संशोधकांनी 2010 साली दाखविले की, ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन पेशीच्या दारी आले, की त्याचा निरोप ‘अर्क’ नामक प्रथिने आत पोहोचवितात आणि सोळाव्या प्रकारच्या विषाणूच्या नकलेत ई6 हे कलम शाबूत राहते, जे पेशीच्या बेताल वाढीवर नजर ठेवणाऱ्या पी53 या तपासनिसाचा निकाल लावते. निरोप थांबला की तेच कलम गाळले जाते, पी53 पुन्हा वाढते, पण तेवढ्यात विषाणूचे ई7 हे दुसरे कलम बळावून आरबी या दुसऱ्या तपासनिसास गाठते. म्हणजे निरोप थांबविल्यानेही निर्वेध सुटका नाही. तथापि निरोप परत आला की नक्कल पूर्ववत होते, आणि या सगळ्या घालमेलीत मूळ दफ्तरातले एक अक्षरही बदललेले नसते.

नंदुरबारमधल्या धडगावच्या बाईला या निरोपानिरोपीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, तर त्याने धाराशिवकडे (तेव्हाच्या उस्मानाबादकडे) पाहावे. तेथील 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासाचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची विषाणूसाठी एकदाच चाचणी करून आवश्यक तेथे उपचार झाले, त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. प्रारब्ध एका चाचणीने निम्मे कसे होते, हे विद्वानांनी पुढच्या व्याख्यानात समजावावे. मी पहिल्या रांगेत बसेन.