चार चाकांची ओढ आणि पाटल्यांचा जोड



घरात गाडीखरेदीची बोलणी सुरू झाली की आपण बहुतेकजणी ‘त्यातलं यांनाच कळतं’ असं म्हणून चहाचं आधण ठेवायला उठतो. या आठवड्यात मात्र बसून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे, आणि त्यातला प्रश्न दिसायला गाडीचा असला तरी तो त्यांच्या हातातल्या पाटल्यांपर्यंत येऊन पोचला आहे.

यांच्या घरची हापूसची बाग आहे. जुनी पिकअप थकली, म्हणून यजमान नवी घेत आहेत. दोन रांगांची, म्हणजे घरची माणसं आत बसतील आणि आंब्याचे क्रेट मागे हौद्यात राहतील अशी. इथपर्यंत सर्वांचं एकमत. पण शोरूममधल्या मुलानं यजमानांना साध्या गाडीऐवजी ‘फोर-बाय-फोर’ आणि वर ‘ऑफ-रोड पॅकेज’ घ्या म्हणून सुचवलं आहे. पॅकेजात जाड नक्षीचे टायर, पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग, इंजिनाखाली पत्रा आणि दारांवर काळे पट्टे. साध्या गाडीहून सगळं मिळून तीन लाख जास्त. बँक गाडीपुरतं कर्ज देते आहे. वरच्या तीन लाखांसाठी पाटल्या आणि गोठ सोनेतारण ठेवावेत असं घरात ठरत आलं आहे. ताई लिहितात, “नाही म्हटलं तर मी बागेच्या आड येते, हो म्हटलं तर कशाला हो म्हणते हेच मला कळत नाही. मला आधी ते समजावून सांगा.”

रास्त मागणी आहे. चला तर, समजावून घेऊ.

साध्या पिकअपचं इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं. फोर-बाय-फोरमध्ये एक दांडा किंवा खटका फिरवला की पुढचीही दोन चाकं ओढायला लागतात. त्यात बहुधा आणखी एक हलका टप्पा असतो, त्याला ‘लो’ म्हणतात. त्यात गाडी अगदी गोगलगायीसारखी चालते, पण जोर दांडगा. चिखलात रुतलेलं चाक बाहेर काढायला किंवा उभी चढण भरल्या गाडीनं चढायला हा टप्पा खरोखर उपयोगी पडतो. ही झाली खरी वस्तू.

आता विक्रेता सहसा जे सांगत नाही ते ऐका. पिकअपमधली ही चार चाकांची सोय कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायची नसते. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं. दोन्ही जखडली की टायर घासतात आणि आतल्या दंतचक्रांवर ताण येतो. म्हणजे गावातून महामार्गानं वाशीच्या बाजारापर्यंत आंबा नेताना तुमचे तीन लाख झोपूनच जाणार. दुसरं म्हणजे, चार चाकं ओढतात, थांबवत नाहीत. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या घाटात उतरताना फोर-बाय-फोरवाला आणि साधा, दोघेही सारखेच घसरतात. आणि पहिला बहुधा जास्त जोरात असतो, कारण ‘आपली गाडी काय, कुठेही जाते!’

पाण्याचंही तसंच. वाहतं पाणी दोन फूट चढलं की ते पिकअपसुद्धा उचलून नेऊ शकतं, मग चाकं किती ओढतात याला अर्थ राहत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत गाड्या बुडाल्या, त्यात सगळ्या तऱ्हेच्या होत्या. हवेच्या वाटेनं पाणी इंजिनात शिरलं आणि कुणी चावी फिरवली की इंजिन आतून मोडतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनाचं जादा संरक्षण विम्यात वेगळं मागून घ्यावं लागतं. कोकणात गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकीनं हा जादा हप्ता भरावा असं माझं मत आहे.

हे ऐकून फोर-बाय-फोर म्हणजे नुसता पैशाचा धूर, असं मात्र समजू नका. वाडी उंचावर आहे, पावसाळ्यात रोज सकाळी दूध खाली न्यायचं आहे, किंवा आजारी माणसाला उतरवायला दुसरा रस्ताच नाही, अशा घरी मी डोळे मिटून घ्या म्हणेन. प्रश्न एवढाच, की तुमच्या घरी वर्षातून असे दिवस किती येतात?

तेव्हा ताई, भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तुमचा आंबा निघतो मार्च ते मे. तेव्हा रस्ता कोरडा ठणठणीत, आणि हौदा भरलेला. भरलेल्या पिकअपची मागची चाकं वजनानं जमीन धरून असतात, ती सहसा फसत नाही. फसते ती रिकामी, पावसात. पावसाळ्यात बागेत गाडी कशाला जाते? जूनमध्ये खत टाकायला, जुलै-ऑगस्टमध्ये झाडांना औषध घालायला, पुढे गवत कापणीला. गेल्या वर्षी यांतल्या किती फेऱ्या अडल्या, किती वेळा ट्रॅक्टर बोलवावा लागला, हे यजमान, दीर आणि बागेतले गडी यांना बसवून आठवा आणि तारखांवर खुणा करा. घरोघर या बाबतीत ‘नेहमीच’ आणि ‘कधीच नाही’ हे दोनच शब्द वापरले जातात, पेन्सिल हातात घेतली की खरा आकडा निघतो.

समजा, बारा दिवस निघाले. आता पैशाकडे या. तीन लाख रुपये दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,३७५ रुपये बसतो आणि पाच वर्षांत जवळजवळ ३ लाख ८२ हजार फेडावे लागतात. वर्षाचे बारा म्हणजे पाच वर्षांत साठ दिवस. एका अडलेल्या दिवसाला सहा हजारांच्या वर पडले! गाडी विकताना फोर-बाय-फोरला थोडी जास्त किंमत येते, ती वजा करा. पण पुढच्या चाकांच्या यंत्रणेचं वेगळं तेलपाणी आणि जादा वजनामुळे जळणारं डिझेल मिळवा. तेवढ्या पैशात तुमच्याकडे ट्रॅक्टर किती वेळा येतो, ते तुम्हालाच ठाऊक.

सोनेतारणाची गोष्ट तर आणखी निराळी. ते कर्ज बहुधा वर्षभराच्या मुदतीचं असतं. गाडी आपला खर्च भरून काढणार पाच-सात वर्षांत, आणि पाटल्या सोडवायच्या वर्षात. मधे एखादं साल मोहोर गळाला, की व्याज भरून नूतनीकरण, तेही जमलं नाही तर नोटीस, आणि नोटिशीनंतर लिलाव. गाडीची वाढीव किंमत परवडत असेल तर ती गाडीच्याच कर्जात बसायला हवी. बँक तेवढं द्यायला तयार नसेल, तर तिनं उत्पन्न बघून काही हिशेब केला असेल ना? तो यजमानांनी बँकेत बसून विचारावा.

आता पॅकेज. त्यातल्या पाच वस्तूंना मी दोन ढिगांत टाकते. इंजिनाखालचा पत्रा चांगला. जांभ्याचा एखादा उभा दगड तेलाच्या टाकीला लागला तर वाटेतच गाडी बसते. हा पत्रा कंपनीचाच, साध्या गाडीला वेगळा बसवून मिळतो का ते विचारा. टायर तर सर्वांत महत्त्वाचे. गुळगुळीत रस्त्याच्या टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की चार चाकं फिरली काय नि दोन फिरली काय, सगळी जागच्या जागी. उलट, चांगल्या खोल नक्षीचे टायर घातलेली साधी गाडी पुष्कळ ठिकाणी निघून जाते. मात्र ते कंपनीनं गाडीसाठी सांगितलेल्या मापातलेच घ्या. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नव्या गाडीवरही ते वाचा, लाजू नका. डाळीच्या पुड्यावरची तारीख वाचतोच की आपण!

लोखंडी गार्ड, टपावरचे दिवे आणि काळे पट्टे हा दुसरा ढीग. पट्टे निरुपद्रवी. गार्ड मात्र घेऊच नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं अशा गार्डवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं आहे, कारण ठोकर बसली तर समोरच्या माणसाला ते जास्त इजा करतं आणि आपल्या गाडीतली हवेची पिशवी वेळेवर फुगण्यात अडथळा आणतं. कंपनीच्या मूळ नमुन्यात आपल्या मनानं बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. मोठे टायर घालून गाडी उंच करण्याची हौस त्यातच येते. दंड एक वेळ भरता येतो. अपघातानंतर विमा कंपनीनं बदलाकडे बोट दाखवलं तर काय करणार?

जाता जाता, ही दागिन्यांची तऱ्हा परदेशातून आली आहे. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीनं १९८८ च्या पिकअपसाठी ‘झेड-७१’ नावाचं पॅकेज काढलं. ती मुळात मागणीपत्रावरची खूण. त्यात वेगळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि खालचे संरक्षक पत्रे येत. पुढे ती खूणच लोकांना इतकी आवडली की स्टिकर बघून गाडी घेणारे निघाले. आपल्याकडे उलटं झालंय, पुष्कळदा स्टिकरच आधी येतो.

पत्रात एक वाक्य ओझरतं होतं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. ‘खरं तर अडचण फाटकाजवळच्या साठ फूट चढणीचीच आहे, तिथे शेवाळ धरतं.’ ताई, मग साठ फुटांसाठी तीन लाख कशाला? चाकांच्या अंतरावर दोन फूट रुंद आणि पाच इंच जाड अशा काँक्रीटच्या दोन पट्ट्या ओतल्या तर बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास काँक्रीट लागतं. गावच्या गवंड्याकडून मजुरीसह आकडा काढून आणा आणि तीन लाखांच्या शेजारी लिहा. काँक्रीट ओलं असतानाच आडव्या खाचा पाडून घ्या, वरच्या अंगाला पाणी वळवायला चर काढा, आणि काम दिवाळीनंतर करा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत ते पक्कं होईल. आठ-दहा दिवस पाणी मारायचं आणि महिनाभर भरली गाडी वर न्यायची नाही. वाट सामाईक असेल तर शेजाऱ्यांची संमती आधी घ्या, कदाचित खर्चातही वाटा मिळेल. या पट्ट्यांवरून तुमची स्कूटर जाईल, सासूबाईंना न्यायला आलेली रिक्षा जाईल, वेळ पडली तर रुग्णवाहिकाही वर येईल. पाऊस सुरू झाला की वर्षातून एक-दोनदा खराट्यानं शेवाळ काढायचं, एवढीच त्यांची सेवा.

रिकामी गाडी वर नेताना वाळूची तीन-चार पोती हौद्यात, मागच्या चाकांच्या वर येतील अशी, दोरानं घट्ट बांधून ठेवली तर तीही बरीच मदत करतात. जुने ड्रायव्हर हे करतातच. पोत्यांच्या जागी माणसं मात्र बसवू नका. लग्नाला, जत्रेला बायकापोरं हौद्यात भरून नेण्याची आपल्याकडची सवय जीवघेणी आहे, आणि मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या माणसांची भरपाई विम्यातून मागायला गेलं की कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तुमचं यजमानांशी बोलणं कसं व्हावं, हेही तुम्ही विचारलंय. ‘नको’पासून सुरुवात करू नका. पुरुषांना गाडीची हौस असते. असू दे की, आपल्याला पैठणीची असते. त्यांनी वर्षानुवर्षं जुन्या गाडीखाली उताणं पडून काढली असतील. कॅलेंडर, हप्त्याचा कागद आणि गवंड्याचा आकडा तिन्ही समोर ठेवा आणि म्हणा, “अहो, हे बघून तुम्हीच सांगा.” मोजल्यावर बाराऐवजी पन्नास दिवस निघाले, तर फोर-बाय-फोर जरूर घ्या, गार्ड आणि दिवे वगळून, आणि पाटल्या हातात ठेवून, कर्ज वाढवून किंवा एक हंगाम थांबून. तशी घेतलीत तर महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर थोडा वेळ चारही चाकं चालवायला सांगा. न वापरता ठेवलेली यंत्रणा गरजेच्या दिवशी अडकून बसते.

आणि सही करण्यापूर्वी एक करा. शोरूमची गाडी चक्कर मारायला घरी मागवा; शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरची चक्कर उपयोगाची नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्या त्याच चढणीवर नेऊन बघा. तुम्ही स्वतः मागच्या रांगेत बसा, सासूबाईंनाही बसवा. पिकअपचे मागचे पाटे मालासाठी केलेले असतात, रिकामी गाडी खड्ड्यात चांगलीच उडवते. कंबरदुखी असलेल्यांना ते आधी कळलेलं बरं. लुगडं सावरून चढता येईल अशी पायरी आणि धरायला मूठ आहे का, तेही बघा. पायरी नसेल तर कंपनीचीच लावून मागा. कोटेशनमध्ये गाडी, विमा आणि प्रत्येक जादा वस्तू वेगळ्या ओळीत, तारखेसह लिहून घ्या. ‘पॅकेज’ अशी एकच ओळ असेल तर कागद परत करा.