आधी जॉइंट दाखवा, मग रंग लावा

गणपती विसर्जन झालं की आपल्या भागात एक वेगळीच रंगपंचमी सुरू होते. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे उसाच्या जुन्या ट्रॉल्या येऊन उभ्या राहतात. कॉम्प्रेसरचा आवाज चालू, हौद्याला निळा रंग, फाळक्यावर पिवळ्या अक्षरात ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’, चाकांच्या डिस्कला चंदेरी. दहा हंगाम ओढलेली ट्रॉली चार दिवसात नवरीसारखी सजते आणि गाळप सुरू व्हायच्या आत विकली जाते. बघणारा म्हणतो, "नाद खुळा!"

माझं म्हणणं असं की विकायच्या ट्रॉलीला रंग लावूच नये. निदान जिथे ती तुटते तिथे तरी.

हॉस्टेलवरच्या पुण्या-मुंबईच्या दोस्तांसाठी सांगतो, ट्रॉली म्हणजे इंजिन नसलेलं वाहन. पुढे ट्रॅक्टरला अडकवायची दांडी आणि तिचा डोळा, खाली चॅनेलची चेसिस, कमानपाटे, एक्सल आणि वर हौदा. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नावापुरताच. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा, मागचा ऊस त्याच्या कितीतरी पट, आणि बहुतेक वेळा एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या. हे सगळं वजन त्या दांडीच्या जॉइंटवर. चढाला ती ओढली जाते, उताराला दाबली जाते, खड्ड्यात वरखाली हिसके खाते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात आपण ‘फटीग’वर पाच मार्कांची टीप लिहितो ना, ती टीप इथे रोज रस्त्यावरून जात असते. तडा बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होतो, केसाएवढा. तो हंगामभर थोडा थोडा वाढतो आणि एका रात्री उतारावर दांडी सुटते. मागून येणारा मोटारसायकलवाला कोण असेल ते कुणी सांगावं?

आता हा केसाएवढा तडा झाकायला काय लागतं? थोडी लांबी, एक हात रेड ऑक्साइड, वर दोन हात रंग. बस्स. माझा राग पेंटरवर नाही, त्याचं पोट त्यावर आहे आणि त्याची अक्षरं आपल्या ड्रॉइंगच्या शीटपेक्षा सरस असतात. राग आहे तो ‘विकायच्या आधी जरा नीटनेटकी करून घेऊ’ या गोड वाक्यावर. नीटनेटकी म्हणजे काय, दुरुस्त की झाकलेली?

आमच्या घरची ट्रॉली यंदा विकायची आहे, त्यामुळे हा वाद सध्या आमच्या सोप्यात रोज चालतो. पेंटरने अठरा हजार सांगितलेत. वडिलांचं म्हणणं, "रंग नसला तर गिऱ्हाईक दारात सुद्धा येत नाही, तुझं कॉलेज तुझ्यापाशी ठेव." त्यांचं अगदीच चूक नाही. गंजलेली ट्रॉली बघून माणूस पंचवीस हजार कमीच मागतो. मी म्हणतो, तेच अठरा हजार हबचे बेअरिंग, दांडीचा डोळा आणि मागचे रिफ्लेक्टर यांवर घाला. हौदा खुशाल रंगवा. पण दांडीचा जॉइंट, कमानपाट्यांचे हँगर आणि एक्सलची बैठक वायर ब्रशने घासून उघडी ठेवा. गंज चढू नये म्हणून वर ग्रीसचा हात द्या. ग्रीस फडक्याने पुसता येतं, रंग पुसता येत नाही, एवढाच फरक.

उघड्या जॉइंटवर तडा आहे की नाही हे बघायला मोठी लॅब लागत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये डाय पेनेट्रंटचा प्रयोग होतो. लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, स्वच्छ पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. याचा आजोबा म्हणजे रॉकेल आणि चुना. जॉइंट घासून रॉकेल लावायचं, ते फटीत शिरतं. वरून पुसून चुन्याचा पातळ हात द्यायचा. चुना वाळतो आणि तड्यावर ओली काळपट रेघ दिसते. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलवर भागतं. खर्च चहापेक्षा कमी. आणि तडा सापडलाच तर त्यावर नुसती वेल्डिंगची वळी ओढून उपयोग नाही. टोकाला भोक पाडून तो थांबवायचा, ग्राइंडरने मुळापर्यंत खणायचा आणि मग भरायचा. हे आपल्या उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींना माहीत आहे. ज्या गावाने शेतकऱ्याला ऑइल इंजिनं करून दिली त्या गावाला वेल्डिंग कोण शिकवणार? पण गिऱ्हाईकच "वरून वळी मारा, रंग देणार आहे" म्हणालं तर मेस्त्री तरी काय करेल.

कायदाही याबाबत गप्प नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ सांगतं की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक. नुसतं गप्प बसणं हे सहसा त्यात येत नाही, पण तड्यावर लांबी भरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, ते हाताने केलेलं काम आहे.

आणि धंद्याच्या बाजूने बघा. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक पेपर लिहिला, पुढे २००१ मध्ये त्याला नोबेलचा वाटा मिळाला. मुद्दा साधा. विकणाऱ्याला गाडीची अवस्था माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देतो. चांगली गाडीवाला म्हणतो, या भावात कशाला विकू? तो बाजारातून उठतो आणि मागे भंगारच उरतं. सगळ्याच ट्रॉल्या सारख्याच निळ्या चमकत असतील तर आमच्या धड ट्रॉलीलाही तडकलेल्या ट्रॉलीचाच भाव येणार. उघडा जॉइंट हीच आमची जाहिरात, हे वडिलांना अजून पटायचं आहे.

परदेशात तरी काय वेगळं? अमेरिकेत सुट्टीला गाडीमागे अख्खं घर ओढून नेतात, ट्रॅव्हल ट्रेलर. तो जुना झाला की छताच्या सांध्यातून पाणी शिरतं आणि आतली लाकडी चौकट कुजते. विकताना त्यावर नवा पांढरा रंग आणि जमिनीला नवं व्हिनाइल! आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, म्हणजे हाही माल कधीतरी आपल्या बाजारात जुना होऊन येणारच.

फार लांब कशाला, आपल्या हॉस्टेलचं पार्किंग घ्या. मे महिन्यात फायनल इयरवाले गाड्या विकायला काढतात. टायरला काळं पॉलिश, टाकीला नवं स्टिकर, "भावा, एकदम टकाटक!" ज्युनिअरने टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१७ असेल तर टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, पॉलिश काहीही म्हणो. आणि विकणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० चं काम टाळू नये, मालकी बदलल्याचं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही तर पुढच्या अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाच्या गळ्यात पडू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ट्रॉलीलाही स्वतःचा नंबर असतो, तिलाही हेच लागू.

वर्कशॉपच्या सरांना एक विनंती आहे. दसऱ्याच्या आधीचे दोन शनिवार आपलं वर्कशॉप आसपासच्या गावांतल्या ट्रॉल्यांसाठी उघडावं. थर्ड इयरची पोरं जॉइंट घासतील, डाय मारतील, तडा सापडला तर खडूने खूण करून मालकाला दाखवतील. पेनेट्रंटचे डबे लॅबच्या कपाटात आहेतच, प्रॅक्टिकलचे मार्कही त्यातच धरता येतील. पहिली ट्रॉली आमचीच आणतो. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.